जोड आतून पाहावा

लोखंडाच्या दोन पट्ट्या वितळवून एकमेकींत मिसळणं तितकंसं अवघड नाही. अवघड आहे ते वितळलेला धातू घट्ट होईपर्यंतचे काही क्षण सांभाळणं. तेवढ्या वेळात हवेतला ऑक्सिजन त्याला गंजवू पाहतो, नायट्रोजन ठिसूळ करतो आणि ओलाव्यातून आलेला हायड्रोजन आत दडून बसतो. फॅब्रिकेशनच्या कारखान्यातल्या वेल्डिंगच्या बहुतेक पद्धती दोन प्रश्नांभोवती उभ्या आहेत: उष्णता कुठून आणायची आणि हवेला दूर कसं ठेवायचं? या दोन प्रश्नांवर नजर ठेवली तर नावांच्या गर्दीत माणूस हरवत नाही.

विजेच्या ठिणगीने धातू जोडण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. रशियात बेनार्दोस यांनी कार्बनची कांडी वापरली, तर स्लाव्यानोव यांनी १८८८मध्ये धातूचीच कांडी वितळवून जोड भरला. पण कांडी उघडी होती. हवा थेट वितळलेल्या धातूत शिरायची आणि जोड कच्चा राहायचा. स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी १९०४मध्ये कंपनी काढली आणि कांडीवर खनिजांचा लेप देण्याची पद्धत आणली. लेप जळताना वायूचं आवरण तयार होतं आणि वर स्लॅगचा थर बसतो. आज कोपऱ्यावरचा ग्रिलवाला होल्डरमध्ये रॉड अडकवतो, ती याच शोधाची परंपरा आहे.

रॉड वेल्डिंगला जुनाट म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. उंच पुलावर, भर वाऱ्यात, शेताच्या बांधावर दुसरी पद्धत नेणं कठीण असतं. मात्र रॉडचा मान राखावा लागतो. ६०१३ हा सोपा, गुळगुळीत चालणारा रॉड ग्रिल-खिडक्यांना पुरतो. जाड प्लेटला, भार घेणाऱ्या गर्डरला ७०१८ लागतो, कारण त्याच्या लेपात हायड्रोजन कमी असतो. पण हाच लेप हवेतला ओलावा झपाट्याने ओढतो. म्हणून उघडा राहिलेला रॉड साधारण ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजून, मग गरम ओव्हनमध्ये ठेवून वापरायचा असतो. पावसाळ्यात पाकीट फोडून आठवडाभर बाकावर टाकलेला ७०१८ वापरला, तर तो महाग रॉड वापरण्याचं कारणच संपतं. त्यातून येणारी चीर लगेच दिसतही नाही. वेल्ड थंड झाल्यावर काही तासांनी, कधी दोन दिवसांनी ती उघडते. म्हणूनच काही पोलादांची तपासणी ४८ तास थांबून करतात.

कारखान्याच्या शेडमध्ये आता राज्य आहे ते सीओटू वेल्डिंगचं. रिळावरची तार सतत पुढे सरकते, टॉर्चमधून वायू येतो, रॉड बदलायला थांबावं लागत नाही. ही पद्धत १९४०च्या दशकाच्या शेवटी ॲल्युमिनिअमसाठी निष्क्रिय वायू वापरून सुरू झाली. पुढच्या दशकात स्वस्त कार्बन डायऑक्साइड आला आणि साध्या पोलादासाठी ती परवडू लागली. आर्गॉन मिसळला की छर्रे कमी उडतात, बीड, म्हणजे जोडाची रेघ, देखणी येते, खर्च मात्र वाढतो. सर्वांत मोठा धोका हा: करंट कमी ठेवून हात भरभर चालवला तर वरून सुरेख दिसणारी बीड खालच्या प्लेटला नुसती टेकलेली असते, मिसळलेली नसते. पंख्याचा झोत टॉर्चवर आला तर वायू उडून जातो आणि जोडात छिद्रं पडतात.

टिग, म्हणजे आपल्याकडचं ‘आर्गॉन वेल्डिंग’, हे सर्वांत संयमाचं काम. अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी १९४१च्या सुमारास मॅग्नेशिअम जोडण्यासाठी ते विकसित केलं. ३४२२ अंशांना वितळणारा टंगस्टन ठिणगी धरून ठेवतो आणि भरणीची तार वेल्डर दुसऱ्या हाताने देतो. दुधाच्या टाक्या आणि औषध कारखान्यांचे पाइप याच पद्धतीने जोडले जातात. तिथे उष्णतेचा हिशेब फार जपावा लागतो. स्टेनलेस स्टील साधारण ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळलं की त्यातलं क्रोमिअम कार्बनशी जुळतं आणि वेल्डच्या शेजारची पट्टी गंजाला उघडी पडते. ३०४एल मधला ‘एल’ त्यासाठीच आहे: कार्बन ०.०३ टक्क्यांपर्यंतच. पाइपच्या आत आर्गॉन न भरता रूट, म्हणजे जोडाचा तळचा पहिला थर, मारला तर आतला पृष्ठभाग काळा, खडबडीत होतो. दूध त्या खडबडीत जागी अडकतं, जंतू तिथे वाढतात, आणि बाहेरची चकचकीत बीड पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

जाड प्लेटसाठी सबमर्ज्ड आर्क. १९३५ सालचं पेटंट. फ्लक्सच्या, म्हणजे संरक्षक भुकटीच्या, ढिगाखाली ठिणगी झाकलेली, निळा उजेड नाही, धूर अगदी कमी. करंट हजार अँपिअरच्या घरात जाऊ शकतो. बॉयलरचे ड्रम आणि पवनचक्क्यांचे मनोरे यावर होतात. फक्त काम आडवं ठेवावं लागतं. फ्लक्स उभ्या भिंतीवर थांबत नाही.

बाकीच्या पद्धती आपापल्या जागी चोख आहेत. चाकणच्या मोटारींची बॉडी स्पॉट वेल्डिंगवर उभी राहते. रेल्वेचे रूळ जागेवर जोडताना ॲल्युमिनिअम आणि लोखंडाच्या ऑक्साइडची थर्मिट भट्टी वापरतात. तिथे वीजच लागत नाही. केंब्रिजजवळच्या टीडब्ल्यूआय संस्थेत १९९१मध्ये जन्मलेली फ्रिक्शन स्टर पद्धत धातू न वितळवता, फिरत्या हत्याराने ढवळून ॲल्युमिनिअम जोडते. हातात धरायचं लेझर वेल्डिंग आता छोट्या शेडमध्येही दिसू लागलं आहे. ते वेगवान आहे, पण त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाही आणि परावर्तित होऊनही दृष्टिपटल जाळू शकतो. रॉड वेल्डिंगचं हेल्मेट तिथे पुरेसं नाही. त्या तरंगलांबीचाच चष्मा हवा.

पद्धत कुठलीही असो, वेल्डिंग सगळ्या तुकड्यांचा एक तुकडा करतं, आणि याची जबाबदारी मोठी आहे. अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला, १६ जानेवारी १९४३च्या थंड रात्री, शांत पाण्यात उभं असलेलं ‘शेनेक्टडी’ हे नवं तेलवाहू जहाज मधोमध दुभंगलं. रिव्हेटच्या जहाजात चीर बहुधा प्लेटच्या कडेला थांबते. वेल्ड केलेल्या जहाजात तिला थांबवणारी कडच नव्हती. दोष एकट्या वेल्डरचा नव्हता. युद्धकाळातल्या अशा जहाजांचा अभ्यास करणाऱ्या केंब्रिजच्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवलं, की ते पोलादच थंडीत ठिसूळ होत होतं. त्यावर डिझाइनमधले काटकोनी कोपरे आणि सदोष वेल्ड यांची भर पडली. पोलाद, रेखाटन आणि वेल्ड ही तिन्ही एकत्र तपासावीत, हे त्या जहाजांनी शिकवलं.

म्हणून जोड आतून पाहावा लागतो. रंगद्रव्याची चाचणी पृष्ठभागावरची चीर दाखवते. आतलं पाहायला अल्ट्रासॉनिक किंवा रेडिओग्राफी. आपल्याकडे त्रिचीला भेलची वेल्डिंग संशोधन संस्था १९७५पासून आहे, प्रमाणित वेल्डर घडतात, ६जी ही तिरक्या पाइपवरची परीक्षा पास झालेल्या पोराला परदेशातही मान मिळतो. पण छोट्या शेडमधला वेल्डर बहुतेकदा उस्तादाचं पाहून शिकतो, आणि त्याच्या जोडाची कुणी कधी तपासणी करत नाही.

त्याच्या फुप्फुसांची तपासणी तर त्याहूनही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकला. जस्ताचा पत्रा जोडल्यावर संध्याकाळी येणारा ताप वेल्डर ओळखतात. स्टेनलेसच्या धुरातला क्रोमिअम असा लगेच इशारा देत नाही. आपण जोडाला आर्गॉनचं पांघरूण देतो आणि वेल्डरच्या नाकाला एक रुमाल. हे मला मान्य होत नाही. जो कारखानदार खंडेनवमीला मशीनची पूजा करतो, त्याला माझी विनंती आहे: पुढचं मशीन घेण्याआधी धूर ओढणारी यंत्रणा बसवा, रॉडचा ओव्हन घ्या, आणि आपल्या वेल्डरला वर्षातून एकदा छातीच्या तपासणीला पाठवा.