सरकारी कंत्राटी नोकरी गेली, निवेदनं देण्यात दीड वर्ष गेलं. मग कोर्ट ऐकतं का?

समजा, एका शासकीय तंत्रनिकेतनात कंत्राटी अधिव्याख्याता आहे. कंत्राट अकरा महिन्यांचं. मध्ये 'तांत्रिक खंड' देऊन ते सहा वेळा वाढवलं गेलं. सातव्यांदा पत्र आलं ते सेवा संपल्याचं. मग प्राचार्यांना निवेदन, सहसंचालकांना निवेदन, संचालकांना, शेवटी मंत्र्यांना. प्रत्येक ठिकाणी पोच म्हणून शिक्का मिळतो आणि 'बघतो' असं उत्तर. दीड वर्षाने फाईल वकिलाकडे जाते, तेव्हा वकील आधी एवढंच विचारतो: पत्राची तारीख काय?

काढलं ते योग्य की अयोग्य, हा प्रश्न नंतरचा. त्याआधी दोन गोष्टी बघितल्या जातात. दार बरोबर आहे का, आणि वेळेत आलात का.

दार कोणतं?

'सरकारी नोकरी' हा बोलण्यातला शब्द झाला. कायद्यात मालक नेमका कोण, यावर सगळं ठरतं. राज्य सरकारच्या विभागातलं पद असेल, तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. अशा प्रकरणात थेट दिवाणी कोर्टात जाता येत नाही. थेट हायकोर्टात गेलं तरी 'आधी मॅटमध्ये जा' असं सांगितलं जातं, कारण सुप्रीम कोर्टाने 1997 मध्येच तसं ठरवून दिलंय.

जिल्हा परिषद आणि महापालिकेचे कर्मचारी मात्र मॅटच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्यासाठी हायकोर्ट. 'कामगार' या व्याख्येत बसत असतील तर राज्याच्या 1971 च्या अनुचित श्रम प्रथा कायद्याखाली तक्रारही करता येते. तिथे मुदत अवघी 90 दिवसांची. उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं.

एजन्सीमार्फत लागलेल्यांचं आणखी अवघड. 'हा आमचा माणूसच नाही,' असं कार्यालय म्हणू शकतं. मग हजेरीपट, ओळखपत्र, अधिकाऱ्यांनी दिलेले कामाचे आदेश, पगार कोणाच्या खात्यातून आला, यावरून आधी मालक सिद्ध करायचा.

निवेदनाचा सापळा

मॅटचा कायदा (1985 चा प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा) सांगतो की सेवा नियमांत अपिलाची सोय असेल तर आधी ती वापरा. अंतिम आदेश आला की एक वर्षात मॅटमध्ये या. अपिलावर उत्तरच आलं नाही, तर सहा महिने थांबा आणि त्यानंतरच्या एका वर्षात या. थोडक्यात, घाई केली तर 'आधी वरिष्ठांकडे जा', आणि उशीर केला तर 'मुदत संपली'.

पण नियमांत लिहिलेलं अपील वेगळं आणि आपल्या मनाने दिलेलं निवेदन वेगळं. इथेच बहुतेकांची गल्लत होते. सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींच्या खंडपीठाने 1989 मध्ये सांगितलं की, कायद्यात सोय नसलेली निवेदनं पुन्हा पुन्हा दिल्याने मुदत वाढत नाही. 2008 च्या एका प्रकरणात तर कर्मचाऱ्याने नोकरी गेल्यावर सुमारे 18 वर्षांनी निवेदन दिलं होतं. त्याचा 'विचार करा' असा आदेशही त्याला मिळाला. तरी कोर्ट म्हणालं, जुन्या निवेदनाला उत्तर मिळालं म्हणून संपलेली मुदत नव्याने सुरू होत नाही.

उशीर माफ होऊ शकतो. त्यासाठी वेगळा अर्ज आणि पटेल असं कारण लागतं. चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे घालवलेला वेळ वजा करून मागता येतो. पण 'साहेब बघतो म्हणाले होते' याचा कागद कुठून आणणार?

पगाराच्या बाबतीत थोडा दिलासा आहे. दर महिन्याला कमी पगार मिळत असेल तर ती चूक दर महिन्याला नव्याने घडते, असं कोर्ट मानतं. उशिरा जाणाऱ्याला थकबाकी मात्र साधारणपणे मागच्या तीनच वर्षांची मिळते. सेवासमाप्ती एकदाच घडते, तिला ही सवलत नाही.

वेळेत पोहोचलं, मग पुढे?

'एक महिन्याची नोटीस देऊन सेवा संपवता येईल' ही अट कंत्राटात बहुधा असतेच. कोर्ट ती अट बदलून देत नाही. मात्र मालक सरकार असल्यामुळे निर्णय मनमानी होता का, हे तपासू शकतं. चौकशी न करता गैरवर्तनाचा ठपका ठेवून काढलं असेल, तर कर्मचाऱ्याची बाजू बरीच भक्कम होते.

कायम करा, अशी मागणी आली की सरकारी वकील 2006 चा 'उमादेवी' निकाल पुढे करतात: नियमित भरतीशिवाय लागलेल्यांना कायम होण्याचा हक्क नाही. डिसेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने या ढालीला मर्यादा घातली. केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षं राबलेल्या सफाई आणि बागकाम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना परत घेऊन कायम करण्याचा आदेश दिला. त्यांना कामावरून काढलं 2018 मध्ये. न्यायाधिकरणात त्यांचा अर्ज त्याआधीच, नोकरीत असतानाच दाखल झाला होता.