रांजणगावावरचा जादा अनुस्वार

पुणे-अहिल्यानगर रस्त्याने वाघोली सोडली की गावे भराभर मागे पडतात. कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव गणपती, मग शिरूर. यातल्या किती दुकानांवर गावाचे नाव बरोबर रंगवले आहे, हे एकदा मुद्दाम पाहावे. 'कोरेगांव' आणि 'रांजणगांव' अजून दिसतात. 'शिरूर'चे 'शिरुर' तर सर्रास. जाणकार वाचक यावर चिडतो आणि त्याचे चिडणे मला रास्त वाटते. फक्त तो राग कुठे काढायचा आणि कुठे आवरायचा, याचा निवाडा नीट झालेला नाही.

'रांजणगाव' या एकाच नावात सगळा नियम आहे. 'रां'वरचा अनुस्वार आपण स्पष्ट उच्चारतो, 'गा'वरचा कोणीच उच्चारत नाही. पूर्वी शब्दाच्या व्युत्पत्तीची खूण म्हणून असे अनुस्वार देत: नांव, पांच, कांही. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे चौदा नियम ठरवले, त्यात हे न उच्चारलेले अनुस्वार गेले. १९७२ साली चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. शासनाने ते मानले, शाळांतून तेच शिकवले जातात. तरी पाटी रंगवणारा जुन्या पाटीवरून नवी उतरवतो आणि गेलेला अनुस्वार परत येतो.

ऱ्हस्व-दीर्घाचे म्हणाल, तर शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांना तो नियम शिकायला पुस्तक लागू नये. इथली पिके आणि धंदेच तो शिकवतात. ऊस, पण उसाचा. दूध, पण दुधाची. गूळ, पण गुळाचा. शब्दाच्या शेवटी 'अ' असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ, आणि प्रत्यय लागून शब्दाचे रूप बदलले की तो ऱ्हस्व. विहीर आणि विहिरीत, वकील आणि वकिलाला, तसेच. केडगावच्या गुऱ्हाळावर कोणालाही मोठ्याने म्हणायला सांगा: आधी नुसते 'गूळ', मग 'गुळाला'. पहिल्यात 'गू' लांबतो, दुसऱ्यात आखूड होतो. म्हणून 'दुध डेअरी' ही पाटी कानालाही चूकच सांगते.

खरी अडचण पुढे आहे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द हा नियम पाळत नाहीत. 'निवडणूक' मराठी, म्हणून 'णू' दीर्घ. 'इच्छुक' संस्कृत, म्हणून 'च्छु' ऱ्हस्व. फ्लेक्सवर नेमके उलटे होते: वर 'निवडणुक', खाली ओळीने फोटो आणि 'शुभेच्छूक'. स्वच्छतागृहावरचा 'पुरूष'ही त्यातलाच. शब्दाचे कुळ माहीत असल्याशिवाय त्याचा उकार कळू नये, ही त्या नियमाची उणीव आहे, आणि सातवीतल्या पोराला त्याबद्दल छडी मारणे अन्यायाचे आहे. शिवाय हा घोळ आजचा नाही. पेशवाईतला कारभार ज्या मोडीत चाले, तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलाच जात नसे.

पण काही चुकांना असली सबब नाही. सोलापूर रस्त्यावर यवत, चौफुला, पाटस या पट्ट्यात हॉटेलांवर 'शुध्द शाकाहारी' लिहिलेले असते. 'शुद्ध'मध्ये आधी अर्धा 'द', मग पूर्ण 'ध'. 'ध्द' लिहिले की क्रम उलटतो आणि तो शब्द तोंडाने उच्चारताही येत नाही. हीच चूक दशक्रियेच्या फलकावर 'श्रध्दांजली'त होते. तिथे ती अधिक लागते, कारण तो फलक घरचे लोक जपून ठेवतात. 'महत्त्व'मध्ये दोन 'त' का? महत् अधिक त्व, म्हणून. 'उज्ज्वल'मध्ये दोन 'ज' आहेत, कारण तो उत् अधिक ज्वल आहे. आणि पुण्यतिथी 'साजरी' करू नये, ती पाळतात.

आता बोलण्याकडे वळू. घोडनदीकाठचा शेतकरी 'पानी' म्हणतो, 'आनि' म्हणतो, शिरूर-पारनेर-जुन्नर पट्ट्यात 'मपलं-तुपलं' ऐकू येते. पुण्यात शिकायला गेलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यातच यावरून हसतात. या हसण्याला भाषेच्या अभ्यासात आधार नाही. मन आणि मण, तन आणि तण अशा मोजक्या जोड्या सोडल्या तर न-णमुळे अर्थ बदलत नाही, आणि त्या जोड्यांतही संदर्भाने कळतेच. वऱ्हाडात 'डोळा'चा 'डोया' होतो, तसाच हा त्या त्या मुलखाचा उच्चार आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठी बोलींचे सर्वेक्षण केले, ते या बोलींची नोंद व्हावी म्हणून.

आणि ज्याला आपण प्रमाण म्हणतो, त्याचाही सगळा उच्चार लिपीत कुठे आहे? 'चार' आणि 'चारा' यांतले दोन 'च' वेगळे. 'जगात' आणि 'जगायचे' यांतले 'ज' वेगळे. देवनागरी दोन्हींना एकच अक्षर देते. मूल ते घरी ऐकूनच शिकते.

नियमांनीही बोलीला हात लावलेला नाही. लेखनात 'असे केले' लिहावे, 'असं केलं' नको, असे सांगणाऱ्या नियमातच पात्राच्या तोंडी घातलेला मजकूर वगळला आहे. म्हणजे लिहिण्याची शिस्त लिहिण्यापुरती, हे महामंडळाने तेव्हाच मान्य केले होते. इंग्रजी अमदानीत शिरूरचे 'सिरूर' आणि रेल्वेच्या पाटीवर दौंडचे 'धोंड' झाले होते. ती नावे कागदावर सुधारली. इथल्या लोकांच्या तोंडी ती आधीपासून बरोबरच होती.

तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होईल. पत्रिका छापखान्यात जाण्याआधी 'आशीर्वाद'मधला 'शी' दीर्घ आहे ना, एवढे तरी पाहा. फ्लेक्स छापणाऱ्या प्रत्येक दुकानात अरुण फडके यांचे 'शुद्धलेखन ठेवा खिशात' असायला हवे. आणि गुरुजी, बाई, वर्गात एखादे पोर 'पानी' म्हणाले तर त्याला मध्येच अडवू नका. आधी त्याचे वाक्य पुरे होऊ द्या.