चांदीवरचा बायसन आणि दावणीची म्हैस

जनावराचे चित्र नाण्यावर उमटवण्याची माणसाची हौस फार जुनी आहे. सिंह, हत्ती, घोडा, बैल हे सारे राजेलोकांच्या टांकसाळीतून जाऊन आले. आपल्या काळात हा मान विशेषेकरून मिळाला तो अमेरिकेतील एका रानटी जनावराला. तिकडचे सामान्य लोक त्याला ‘बफेलो’ म्हणतात आणि शास्त्रज्ञ बायसन म्हणतात. त्याचा ठसा असलेली चांदीची गोल चकती जगभरचे हौशी लोक जमवून ठेवतात. हा मान त्याला केव्हा मिळाला आणि कोणत्या किमतीला मिळाला, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण त्यातून आपल्या परभणी जिल्ह्यातील म्हशीविषयीही थोडे शहाणपण हाती लागते.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. अमेरिकेचा ‘बफेलो’ म्हणजे आपली म्हैस नव्हे. म्हशीचे कूळ वेगळे. बायसन हा आपल्या गव्याला अधिक जवळचा. म्हणूनच कोल्हापूर जिल्ह्यातील दाजीपूरचे अरण्य १९५८ साली गव्यांसाठी राखले गेले, तेव्हा त्यालाही ‘बायसन’ हेच नाव चिकटले. युरोपातून गेलेल्या वसाहतवाल्यांनी तिकडचे ते काळपट, शिंगाळ धूड पाहिले आणि ओळखीचे नाव त्याला देऊन टाकले. ते पुढे तसेच रूढ झाले.

जनावर मात्र खरोखर कौतुकास्पद आहे. पूर्ण वाढलेला नर नऊशे किलोपर्यंत भरतो. एवढा देह असूनही तो ताशी पन्नास किलोमीटरहून अधिक वेगाने धावू शकतो. त्याच्या खांद्यावरचा उंचवटा उंटाच्या मदारीसारखा चरबीचा नसतो. पाठीच्या मणक्यांची लांब हाडे तेथे वर आलेली असतात आणि त्यांना बळकट स्नायू बिलगलेले असतात. हिवाळ्यात कुरण बर्फाखाली गेले की तो आपले अवजड डोके डावी-उजवीकडे झाडून बर्फ बाजूला सारतो आणि खालचे गवत काढून खातो. तो धुळीत लोळतो, त्यामुळे माळावर खोलगट खळगे पडतात, आणि पावसाळ्यात त्यांत पाणी साचून इतर जिवांची सोय होते. माळावरच्या मूळ रहिवाशांचे अन्न, पांघरूण, तंबू, दोर, भांडी सारे त्याच्यापासून होत असे. आपल्याकडे शेतकऱ्याचे बैलावाचून चालत नसे, तसे त्यांचे त्याच्यावाचून चालत नसे.

अशी जनावरे एके काळी सुमारे तीन कोटी होती असा अंदाज आहे. त्यांचे पुढे काय झाले, हे कामगार चळवळीत वावरणाऱ्या माणसाने मुद्दाम लक्षात ठेवावे. १८७१ च्या सुमारास चर्मकारखान्यांना बायसनचे कच्चे कातडे कमावून त्याचे जाड, चिवट चामडे करण्याची रीत साधली. त्या काळी कारखान्यात वाफेचे इंजिन एका बाजूला असे आणि त्याची शक्ती छताजवळच्या दांड्यावरून चामडी पट्ट्यांनी प्रत्येक यंत्रापर्यंत नेली जाई. जुने जिनिंग कारखाने ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तो फटफटणारा पट्टा डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही. यंत्रे वाढली तशी पट्ट्यांची मागणी वाढली, आणि रेल्वे तर माळरानात पोचलीच होती. मग शिकाऱ्यांच्या टोळ्या उतरल्या. जनावर मारायचे, कातडे सोलायचे, मांस तेथेच कुजू द्यायचे, असा तो उद्योग चालला. मागाहून उरलेली हाडेही वेचून नेली गेली. खतासाठी आणि साखर शुद्ध करण्यासाठी त्यांना गिऱ्हाईक होते. माळावर कातडे सोलणारा मजूर आणि गिरणीत त्या पट्ट्याजवळ बारा-बारा तास उभा राहणारा मजूर, दोघे एकमेकांना कधी भेटले नाहीत. परंतु दोघेही त्याच चाकाला जुंपलेले होते. सरकारलाही हा संहार नकोसा नव्हता. बायसन संपला की त्याच्यावर जगणारे मूळ रहिवासी आपोआप शरण येणार, हा हिशेब उघड होता. १८८३ च्या सुमारास मोठे कळप संपले. १८८९ साली विल्यम हॉर्नडे या प्राणितज्ज्ञाने गणती मांडली, तेव्हा जेमतेम अकराशेच्या आसपास जनावरे उरली होती.

यानंतर त्या लोकांना पश्चात्ताप झाला. १९०५ मध्ये बायसन वाचवण्यासाठी संस्था निघाली. १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील पंधरा जनावरे रेल्वेने ओक्लाहोमाच्या राखीव कुरणात नेऊन सोडण्यात आली. ज्या रेल्वेने कातडी वाहून नेली, तिनेच जिवंत बीज परत आणले. आणि १९१३ मध्ये बायसन नाण्यावर चढला. जेम्स अर्ल फ्रेझर या शिल्पकाराने पाच सेंटचे नाणे घडवले; एका बाजूला मूळ रहिवाशाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बायसन. ज्यांच्या भूमीवरून दोघांनाही हुसकून लावले, त्यांनाच एका नाण्याच्या दोन बाजू दिल्या. त्या चेहऱ्याच्या लोकांपैकी सर्वांना नागरिकत्व देणारा कायदा मात्र व्हायला १९२४ साल उजाडावे लागले.

या नाण्याची आणखी एक गोष्ट सांगतात. शिल्पकारापुढे नमुना म्हणून जो बायसन उभा होता, तो न्यूयॉर्कच्या उद्यानातील ‘ब्लॅक डायमंड’ नावाचा नर होता, असे सामान्यतः मानले जाते. १९१५ मध्ये तो म्हातारा झाला म्हणून खाटकाला विकण्यात आला. त्या वेळी त्याची छबी देशभर लोकांच्या खिशात खुळखुळत होती! चित्राला मान आणि चित्राच्या मालकाला म्हातारपणी सुरी, हा प्रकार कामगारांना अगदीच अनोळखी नाही.

आता चांदीकडे येऊ. ते मूळचे नाणे चांदीचे नव्हतेच. त्यात तीन भाग तांबे आणि एक भाग निकेल होते, आणि वापराने त्यावरचे साल इतके झिजे की अनेक नाण्यांवर ते आज वाचताही येत नाही. २००१ मध्ये अमेरिकन सरकारने तेच चित्र चांदीच्या डॉलरवर आणले. पाच लाख नाणी पाडली आणि ती पाहता पाहता खपली. तेव्हापासून खाजगी टांकसाळींनीही या चित्राच्या चांदीच्या चकत्या पाडण्याचा सपाटा लावला आहे. अशी चकती बहुधा एक औंसाची, म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅमची असते. आपल्या जुन्या हिशेबाने अडीच तोळ्यांहून थोडी अधिक. खाजगी चकतीला नाणे म्हणता येत नाही, कारण तिच्यामागे कोणत्याही सरकारची हमी नसते. तिची किंमत म्हणजे त्या दिवसाचा चांदीचा भाव, घडणावळ आणि व्यापाऱ्याचा नफा. हौशी माणसाने हे ध्यानात ठेवलेले बरे. ‘पाण्यात म्हैस, बाहेर मोल’ असा व्यवहार चांदीतही होतो. वजन आणि कस पाहिल्यावाचून केवळ चित्रावर भाळून पैसे मोजणारा फसतो. आपल्या आजीपणजीला हे पक्के ठाऊक होते. बंदा रुपया ती आधी दगडावर वाजवून पाही, मगच पदरात बांधी.

चांदीवर जनावर ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. सहाव्या शतकात कलचुरी घराण्यातील कृष्णराज या राजाने लहान लहान चांदीची नाणी पाडली. एका बाजूला राजाचे मुख आणि दुसऱ्या बाजूला बसलेला वशिंडाचा बैल, शिवाचा नंदी. ही नाणी महाराष्ट्रात ठिकठिकाणी सापडली आहेत. राजा गेला तरी त्याचा रुपया चालत राहिला. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या ताम्रपटात, म्हणजे इ. स. ७१० च्या सुमारासही, ‘कृष्णराज रूपक’ असा त्याचा उल्लेख येतो. दीडशे वर्षे बाजारात टिकलेला हा चांदीचा बैल! गंमत अशी, की या घराण्याची राजधानी मानली जाणाऱ्या नगरीचे नाव माहिष्मती. नगरीच्या नावात म्हैस आणि नाण्यावर मात्र बैल.

पुढेही तसेच घडले. १९४७ च्या निकेलच्या रुपयावर वाघ आला. स्वतंत्र भारताने १९५० मध्ये नवी नाणी काढली, तेव्हा पैशावर घोडा आणि अर्धा आणा, एक आणा, दोन आणे यांवर बैल आला. १९८८ मध्ये पंचवीस पैशांवर गेंडा आला. या रांगेत म्हैस नाही. पुराणाने तिच्या जातीला यमाचे वाहन केले आणि महिषासुराचे रूप दिले. पोळ्याचा मान बैलाला. उरला तो शेताच्या बांधावरचा शेंदूर फासलेला म्हसोबा.

परंतु म्हशीला या भूमीने अगदीच विसरले असेही नाही. सिंधू संस्कृतीच्या प्रसिद्ध ‘पशुपती’ मुद्रेत हत्ती, वाघ, गेंडा यांच्या जोडीला म्हैस आहे. १९७४ मध्ये प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे एका भिल्ल कष्टकऱ्याला खणताना चार धातुमूर्ती सापडल्या: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. त्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात. म्हशीची मूर्ती चाकांच्या पाटावर रुबाबात उभी आहे. प्रवरा गोदावरीला मिळते, आणि गोदावरी खाली आपल्या पाथरी-गंगाखेडकडे येते. म्हणजे ही आपल्याच नदीच्या खोऱ्यातील म्हैस म्हणायची. त्याच गोदावरीकाठी पैठणला ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद वदवले, अशी आपली परंपरा सांगते. ज्याला सभेत जागा नाही त्याच्या मुखी वेद, हा त्या कथेचा अर्थ आपल्या लोकांनी सातशे वर्षे जपला आहे. कोल्हापूरकडे दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मिरवतात, आणि हैदराबादेत दिवाळीच्याच दिवसांत यादव मंडळी रेड्यांची मिरवणूक काढतात.

आता आपल्या गोठ्यात या. परभणी, बीड, जालना, नांदेड, लातूर या भागांतील म्हैस ‘मराठवाडी’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली आहे. तिला ‘दुधना थडी’ असेही म्हणतात. म्हणजे आपल्या सेलूवरून वाहणाऱ्या दुधना नदीच्या थडीची. रंग काळा किंवा करडा, शिंगे मानेला धरून मागे खांद्याकडे गेलेली, बांधा मध्यम. ती मुऱ्हा म्हशीइतके दूध देत नाही. परंतु कोरडा कडबा, कडक ऊन आणि पाण्याची ओढ सोसून ती टिकते, आणि भूमिहीनाच्या दावणीलाही परवडते. म्हशीच्या दुधात सात टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, गाईच्या दुधाहून बराच अधिक. तिचे कातडे काळे आणि घामाच्या ग्रंथी थोड्या, म्हणून तिला डुंबायला पाणी लागते. आळशीपणाने ती डोहात बसते हा समज चुकीचा आहे. अंगाची आग शमवण्याचा तिचा तो उपाय आहे.

तेव्हा तिला मान द्यायचा म्हणजे काय करायचे? गायरान अतिक्रमणापासून राखायचे, गावाच्या डोहात पाणी राहील असे पाहायचे, दुधाचे माप आणि फॅटचा काटा खरा ठेवायचा, आणि पहाटे उठून धार काढणाऱ्या बाईच्या हाती त्या दुधाचा पैसा पडेल अशी व्यवस्था करायची. जास्त दुधाच्या लोभाने सरसकट संकर होत गेला, तर पन्नास वर्षांनी दुधना थडीची वगार शोधत हिंडावे लागेल. परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय आहे, कृषी विद्यापीठ आहे. ज्ञानाची वाण नाही. तेथवर आपला प्रश्न घेऊन जाणाऱ्या पशुपालकांच्या संघटनेची वाण आहे.

बायसन आज अमेरिकेत पुन्हा लाखांनी मोजला जातो. त्यातील बहुतेक खाजगी कुरणांत मांसासाठी पाळलेले. २०१६ मध्ये त्याला राष्ट्रीय सस्तन प्राण्याचा मानही कायद्याने मिळाला. हे चांगलेच झाले. पण ‘बैल गेला नि झोपा केला’ ही म्हण तेथे लागू पडते ती पडतेच. म्हशीचे चित्र चांदीवर उमटले तर मला आनंदच होईल. मात्र ते चित्र पाहून, दुधनेच्या थडीला आता अशी म्हैस कोठे मिळेल, असे विचारण्याची पाळी आपल्या नातवंडांवर येऊ नये, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.