पाठीवर पिल्लं वाहणारी कोळ्याची मादी

गेल्या पावसाळ्यात वर्गाच्या कोपऱ्यातून एक करडा कोळी धावत आला. एका मुलाने चप्पल मारली आणि कोळ्याच्या पाठीवरून ठिपक्यांएवढे असंख्य जीव चारी बाजूंना पळाले. मुलं ओरडली, "सर, याच्या अंगातून किडे निघाले!" ते किडे नव्हते. ती आई होती. त्या दिवशी आम्ही धडा बाजूला ठेवला.

हा लांडगा कोळी. जगात याच्या २,००० हून जास्त जाती आहेत. कोळी म्हटलं की आपल्याला जाळं आठवतं. कुरआन शरीफच्या २९व्या सूरहचं नावच 'अल-अन्कबूत', म्हणजे कोळी. तिथे त्याच्या कमकुवत घराचा दाखला आहे. लांडगा कोळ्याच्या बहुतेक जाती मात्र शिकारीसाठी जाळं विणत नाहीत. दबा धरतात, नाहीतर धावून झडप घालतात. नाव लांडग्याचं, पण शिकार एकट्याने.

डोळे आठ: खाली चार लहान, त्यावर दोन मोठे, आणखी वर दोन. रात्री टॉर्च आपल्या डोळ्यांजवळ धरून अंगणात पाहा. गवतात हिरवट ठिणग्या चमकतील.

रेशीम तो काढतोच. मादी त्याची गोल पिशवी करून त्यात अंडी घालते आणि ती पोटाच्या टोकाला चिकटवून सगळीकडे नेते. पिशवी सुटली तर शोधत फिरते. वेळ झाली की स्वतः पिशवी फाडते. पिल्लं पायांवरून तिच्या पाठीवर चढतात आणि काही दिवस तिथेच राहतात.

तो चावतो का? दाबला गेला तर चावतो. सहसा थोडी सूज आणि दुखणं, एवढंच. त्रास वाढला तर डॉक्टरांना दाखवावं.

उलट फायदा मोठा. भाताच्या खाचरात तो तुडतुडे खातो. विचार न करता औषध फवारलं की तोही मरतो आणि तुडतुडे पुन्हा वाढतात.

म्हणून घरात दिसला तर वर ग्लास पालथा घाला, खालून पुठ्ठा सरकवा आणि बाहेर सोडा. आमच्या वर्गात आता चप्पल उचलण्याआधी मुलंच म्हणतात, "थांब, पाठीवर पिल्लं आहेत का बघ." अल्लाहच्या मख्लूकवर रहम करायची सुरुवात अशीच होते.