छातीच्या फोटोनंतर काय?

बुलढाणा जिल्ह्यात खोकला दोन आठवड्यांवर रेंगाळला की बेडका तपासतात, छातीचा फोटो काढतात. शोध असतो टीबीचा, आणि तो योग्यच आहे. पण फोटोत डाग दिसला, बेडक्यात जंतू सापडले नाहीत, तर त्या डागाचे पुढे काय होते? कधी ‘टीबी नाही’ ऐकून माणूस निर्धास्त घरी जातो. कधी केवळ फोटोवरून टीबीची औषधे सुरू होतात आणि त्यात महिने निघून जातात. डाग कर्करोगाचा असेल, तर शस्त्रक्रियेची वेळ याच महिन्यांत हातची जाते. म्हणून या जिल्ह्यात फुप्फुसाचा कर्करोग लवकर शोधण्याचे काम नव्या यंत्राआधी अशा डागांच्या पाठपुराव्यापासून सुरू व्हायला हवे.

कमी किरणोत्साराच्या सीटी स्कॅनचे महत्त्व वादातीत आहे. अमेरिकेतील ५३,४५४ जणांच्या चाचणीत, २०११ मध्ये, छातीच्या एक्स-रेच्या तुलनेत या स्कॅनमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. मग तालुक्यातालुक्यांत सीटीची शिबिरे का भरवू नयेत? कारण त्याच चाचणीत जवळपास दर चौथा स्कॅन संशयास्पद ठरला, आणि त्यांतले ९६ टक्क्यांहून अधिक संशय खोटे निघाले. जुन्या टीबीचे व्रण घेऊन जगणारी माणसे जिथे पुष्कळ, तिथे हा गोंधळ वाढण्याचीच शक्यता. शिवाय ती चाचणी वर्षानुवर्षे भरपूर सिगारेट ओढणाऱ्यांची होती. महाराष्ट्रात तंबाखू ओढण्यापेक्षा खाण्याचे प्रमाण कितीतरी मोठे, आणि विडीला कधी न शिवलेल्यांनाही हा आजार होतो. चुलीतल्या लाकडाच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१० मध्ये संभाव्य कर्करोगकारक ठरवले. सिगारेटींच्या हिशेबावर बेतलेल्या चाळणीत चुलीपुढे आयुष्य काढलेली बाई बसतच नाही.

यावर कोणी म्हणेल, एक्स-रेवर तरी भिस्त कशी ठेवायची? अमेरिकेतल्याच दीड लाखांहून अधिक लोकांच्या दुसऱ्या चाचणीत दरवर्षी एक्स-रे काढूनही मृत्यू कमी झाले नाहीत. आक्षेप खरा आहे, म्हणूनच निरोगी माणसांचे नवे एक्स-रे काढत सुटण्यात अर्थ नाही. प्रश्न आजारपणात काढून झालेल्या फोटोंचा आहे. त्यांतला संशयित डाग सीटीवर नेमका मोजायचा. ६ मिलिमीटरहून लहान घन गाठ, धोका कमी असलेल्या माणसात, बहुधा सोडून देता येते. ६ ते ८ मिलिमीटरची असल्यास सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा सीटी. त्याहून मोठी असल्यास तीन महिन्यांनी सीटी, किंवा पेट स्कॅन, किंवा तुकडा तपासणी. गाठ किती वाढली, हा इथला कळीचा प्रश्न. नेदरलँड्स-बेल्जियमच्या २०२० च्या चाचणीने गाठीचे आकारमान आणि तिच्या वाढीचा वेग मोजून खोटे संशय पुष्कळ कमी केले, तरीही पुरुषांतले या कर्करोगाचे मृत्यू २४ टक्क्यांनी घटले. वाढ कळायची तर जुनी फिल्म हाताशी हवी आणि माणूस ठरल्या दिवशी परत यायला हवा.

खेड्यातली माणसे परत येतील का, ही शंका धाराशिवने दूर केली आहे. तिथल्या खेड्यांतील १,३१,७४६ स्त्रियांच्या अभ्यासात, बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या साथीने, तपासणी आणि उपचार एकमेकांना जोडले गेले. एचपीव्ही विषाणूच्या तपासणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. आजार वेगळा, पण धडा लागू पडतो: पुढची वाट आखलेली असली की तपासणीचे चीज होते. बुलढाण्यात टीबीच्या रुग्णाचा माग ठेवणारी ‘निक्षय’ नोंद आहे, घरोघरी पोचणाऱ्या आशाताई आहेत, २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. मोठ्या उपचारासाठी अकोला, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते, हे खरे. पण म्हणूनच कोणाला आणि कधी पाठवायचे, हे जिल्ह्यातच ठरले पाहिजे. डाग दिसलेल्या प्रत्येकाचे नाव, गाठीचे माप आणि पुढची तारीख एका नोंदवहीत असावी, आणि तारीख चुकली तर विचारायला कोणीतरी त्याच्या दारी जावे. एवढे जमले, की त्यानंतर येणारे प्रत्येक यंत्र जिल्ह्याच्या खऱ्या उपयोगाचे ठरेल.