देहाचे पुनरुत्थान : शेजाऱ्याची श्रद्धा समजून घेताना

वाचकहो, बिदर-कलबुर्गीच्या या सीमाभागात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आपण मराठी मंडळींनी सगळ्यांचेच अंत्यसंस्कार जवळून पाहिले आहेत. आम्ही जैन आणि आपल्यापैकी बहुतेक जण देहाला अग्नी देतो. लिंगायत, मुसलमान आणि ख्रिस्ती शेजारी देह मातीत ठेवतात. माती एकच, पण त्यामागची श्रद्धा एक नाही. लिंगायत घरात गेलेला माणूस लिंगैक्य झाला, म्हणजे शिवात मिळाला. मुसलमान कयामतीच्या दिवसाची वाट पाहतो. ख्रिस्ती लोक उपासनेत श्रद्धेचा जो पाठ म्हणतात, त्यात ‘शरीराचे पुनरुत्थान’ असे शब्द येतात. आत्म्याच्या अमरत्वापाशी हा पाठ थांबत नाही, तो शरीराविषयी बोलतो. आपला गोंधळ होतो तो इथेच.

माझाही झाला होता. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त ख्रिस्ती शिक्षक माझ्या दवाखान्यात येत. मधुमेहामुळे त्यांचा एक पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता. औषधापेक्षा ते बोलायलाच अधिक येत. एकदा मी विचारून बसलो, “सर, तुमच्यात देह पुन्हा उठतो म्हणतात. मग हा पाय?” विचारले आणि माझी मलाच लाज वाटली. सर हसले. म्हणाले, “डॉक्टर, शेतात तूर पेरल्यावर तुम्ही जमिनीकडे तोच दाणा परत मागता का?”

दृष्टांत आपल्या तुरीच्या मुलखाचा वाटला, तरी मुळात तो संत पौलाचा. इ.स. 55च्या सुमारास करिंथ शहरातील ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो येतो. तिथे दाणा गव्हाचा आहे. पेरलेला दाणा आणि उगवलेले रोप दिसायला वेगळे, पण रोप असते त्याच दाण्याचे. तसा हा नाशवंत देह पेरला जातो आणि अविनाशी होऊन उठतो. म्हणजे प्रेतात पुन्हा प्राण येणे हे पुनरुत्थान नव्हे. येशूने उठवलेला लाजर पुढे पुन्हा मरणारच होता. पुनरुत्थित देहाला मरण नाही.

तरीही माणूस तोच राहतो. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्या आणि शंका घेणाऱ्या थोमाला त्याने त्या दाखवल्या. सोसलेले पुसले जात नाही, फक्त त्याची वेदना उरत नाही, असा याचा अर्थ सरांनी मला सांगितला.

ही कल्पना केवळ आपल्यालाच नवखी वाटते असे नाही. पौलाने अथेन्समध्ये ती मांडली तेव्हा काही श्रोत्यांनी थट्टा केली होती. मराठीत मात्र ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाची कथा चारशे वर्षांपूर्वीच आली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली छापले गेले.

मग अग्नी दिला तर देह उठणार कसा? कवी ना. वा. टिळक 1919 साली वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दहन झाले. कॅथलिक चर्चने 1963 साली दहनाला मुभा दिली. दफनच अधिक इष्ट मानले, आणि 2016 साली अस्थी व राख विखरू नये, पवित्र जागी ठेवावी, असे सांगितले. श्रद्धा देवाच्या सामर्थ्यावर आहे. हाडे शाबूत राहण्यावर ती अवलंबून नाही.

माझी स्वतःची श्रद्धा वेगळी आहे. जैन दर्शनात शरीरे पाच. मरणानंतर औदारिक शरीर इथेच राहते, तैजस आणि कार्मण जीवाबरोबर जातात. मोक्षात तीही गळतात, सिद्धाला देह नसतो. आमची मुक्ती देहापासून, तर सरांची आशा देहासकट. हे दोन्ही सारखेच, असे म्हणून मी कोणाचे समाधान करणार नाही.

सर गेले तेव्हा मी दफनाला होतो. त्यांच्या पत्नीजवळ गेलो आणि “सुटले हो सर” हे आपल्या सवयीचे वाक्य ओठांवर आले. मी ते गिळले. त्या माउलीच्या लेखी सर देहातून सुटलेच नव्हते. ते तिला पुन्हा भेटणार होते, ओळखू येतील असे. मी एवढेच म्हणालो, “तुमची भेट होईल.” त्यांनी मान हलवली.

वाचकहो, अशा घरी समाचाराला जाल तेव्हा ‘सुटले’ म्हणण्याआधी क्षणभर थांबा.