दुखणारा पाय आणि न दुखणारा पाय

सत्तरीनंतर पायाची तक्रार नाही असे माणूस विरळाच. बहुतेक तक्रारी घरच्या काळजीने बऱ्या होतात. खरी भीती आहे ती मधुमेह असलेल्यांच्या न दुखणाऱ्या पायाची.

टाच दुखणे : सकाळी पहिली पावले टाकताना टाचेत कळ येते, चालल्यावर कमी होते. तळव्याखालचा जाड पट्टा ताणला गेल्याने असे होते. उठण्यापूर्वी बिछान्यातच पंचा चवड्याभोवती घालून चवडा आपल्याकडे ओढावा, अर्धा मिनिट धरावा. असे तीन वेळा करावे. घरातही फरशीवर अनवाणी न चालता मऊ तळाची चप्पल घालावी. बरे वाटायला काही महिने लागतात, धीर सोडू नये.

घोटा मुरगळणे : चोळू नये. पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी, पाय उशीवर उंच ठेवावा, कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटे लावावा. पाय बधिर असल्यास मात्र बर्फ नको. चार पावलेही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढावा.

घोट्यावर सूज : दोन्ही पाय सुजत असतील तर कारण हृदय, मूत्रपिंड किंवा रक्तदाबाची एखादी गोळीही असू शकते, डॉक्टरांना विचारावे, गोळी आपणहून बंद करू नये. एकच पाय अचानक सुजून पोटरी दुखू लागली तर त्याच दिवशी दाखवावे. सोबत दम लागत असल्यास लगेच १०१ ला फोन करावा.

मधुमेह आणि पाय : बरीच वर्षे साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. चपलेतला खडा टोचत नाही, हीटरचा चटका कळत नाही. रक्तपुरवठाही कमी झालेला असतो, म्हणून छोटी जखम चिघळते आणि बोट किंवा पाय कापण्याची वेळ येते. हे बहुधा टाळता येते :

• रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा नातवंडांना पाहायला सांगावे. त्यात संकोच नको.
• पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या कराव्यात. जोडा झटकून मगच घालावा.
• कुरूप ब्लेडने कापू नये. औषधी पट्टीही लावू नये. तिच्यातल्या आम्लाने कातडी जळते.
• वर्षातून एकदा कुपत होलिममध्ये मोजे काढून पाय तपासून घ्यावेत. डॉक्टरांनी विचारले नाही तर आपण सांगावे.

योम किपूरला चामड्याचे जोडे चालत नाहीत, म्हणून अनेक वडीलधारी मंडळी सिनेगॉगमध्ये पातळ सपातांवर किंवा नुसत्या मोज्यांवर तासन्‌तास उभी राहतात. जाड रबरी तळाचा कापडी जोडा घालावा. नियमही पाळला जातो, पायही जपला जातो.

बधिर पायावर जखम, फोड, लाली किंवा काळा डाग दिसला तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. दुखत नाही म्हणून थांबू नये.